दुर्बीण घेऊन पाड्यावर गेलो तर लोक का येत नाहीत? विज्ञान दिनासाठी सल्ला हवाय

उघडझाप_तारा:
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकमधले काही हौशी लोक, कुणी बँकेत, कुणी कंपनीत, एक जण निवृत्त प्राध्यापक, आणि आमच्याकडे आठ इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची) दुर्बीण आहे. शहरातल्या शाळेत किंवा सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम ठेवला की रांग आवरत नाही. म्हणून म्हटलं ज्यांच्यापर्यंत हे पोचत नाही तिथे जाऊ, तर सुरगाणा-पेठ बाजूचे काही पाडे आणि मालेगावातला एक मोहल्ला असं सुरू केलं. तिथे मात्र वेगळंच होतं. पाड्यावर पाच-दहा पोरं आणि दोन-तीन म्हातारे येतात, शनीची कडी बघतात, हसतात आणि जातात, प्रश्न एकही नाही. मोहल्ल्यात साडेसातला खुर्च्या मांडून बसलो तर खुर्च्याच राहिल्या. बायका तर कुठेच नाहीत. कार्यक्रम असा असतो: आधी प्रोजेक्टरवर अर्धा तास 'ग्रहणाचे समज-गैरसमज', मग सूर्यमाला, मग दुर्बीण.

येत्या २८ फेब्रुवारीला, म्हणजे २०२७ च्या विज्ञान दिनाला, मोठं करायचंय, थोडा निधीपण मिळतोय (देणाऱ्यांना फोटो आणि आकडा पाहिजे, ते वेगळं). ज्यांनी अशा ठिकाणी काम केलंय त्यांनी सांगा, नक्की काय बदलू? दुर्बीण मोठी घेऊ का? नाटुकलं बसवू का?

डोंगरावरचे_गुरुजी:
दुर्बीण मोठी घेऊ नका, कॅलेंडर घ्या.

अहो सर, २८ फेब्रुवारीला सुरगाणा-पेठच्या पाड्यावर माणूस असतो का? दिवाळी झाली की घरटी माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातात, काही ऊसतोडीला, आणि फेब्रुवारी-मार्च म्हणजे द्राक्षाची काढणी अगदी रंगात. मागे राहतात म्हातारे आणि शाळेतली पोरं, आणि तुम्हाला तेवढेच दिसले. तुम्ही म्हणता लोक येत नाहीत, लोक तर तुमच्या नाशिकजवळच येऊन राहिलेत, बागेच्या कडेला प्लास्टिकच्या खोपटात. तिकडे जा ना दुर्बीण घेऊन. यंदा २८ तारखेला रविवार आहे, शाळा तशीही बंद, मग शाळेत ठेवायचा हट्ट कशाला. बागायतदाराला आधी विचारा, मुकादमाला विचारा, आणि संध्याकाळी सातला नको, सातला चूल पेटलेली असते, भाकऱ्या होऊ द्या, साडेआठ-नऊला जा.

आणि पोचल्यावर लगेच सूर्यमाला सांगायला बसू नका. त्या दिवसांत अंधार पडला की मृग बरोबर डोक्याजवळ असतो. तो दाखवा आणि म्हाताऱ्या माणसाला विचारा, बाबा हे काय, तुम्ही काय म्हणता याला? मग गप्प बसा. हे गप्प बसणं तुमच्या प्राध्यापकांना जड जाईल, आम्हा मास्तरांनापण जातं.

विदर्भात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंड, कोलाम, कोरकू, बंजारा लोकांमध्ये बसून हेच विचारलं होतं, ते अभ्यास छापून आलेत. गोंडांना मृगात नांगर दिसतो. सप्तर्षीचे चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. आपल्याकडे कोकणा, महादेव कोळी, वारली लोकांत काय म्हणतात ते मी इथे ठोकून देत नाही, तुम्हीच विचारा आणि लिहून घ्या. ज्याने तुम्हाला खाटेची गोष्ट सांगितली तो तुमची कडीची गोष्टपण ऐकतो.

विवेकी_माणूस:
गुरुजींचं वेळेचं पटलं पण हे 'त्यांनाच विचारा' प्रकरण आता फार झालंय. घटनेत कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. डॉ. दाभोलकरांनी त्यासाठी २०१३ मध्ये जीव गमावला. आणि आपण काय करायचं तर खाटेच्या गोष्टी ऐकायच्या? ग्रहणात बाईला उपाशी ठेवतात हे चूक आहे, ते चूक आहे असं तोंडावर सांगायला पाहिजे. ती पहिली स्लाइड काढू नका असं माझं स्पष्ट मत.

दिंडोरीची_आशा:
@विवेकी_माणूस दादा, मी आशा आहे, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, रोज हेच काम करते, म्हणून लिहिते, राग मानू नका.

ग्रहणाच्या दिवशी गरोदर बाईला सासू म्हणते काही चिरू नको, खाऊ नको, आत बस. तुम्ही पडद्यावर 'गैरसमज' असं मोठं लिहिता तेव्हा ती सासू तुमच्या समोर बसलेली असते, सुनेच्या आणि शेजारणीच्या देखत. ती उठून जाणार, आणि सुनेलापण घेऊन जाणार, आणि मग पुढच्या वेळी मी लोहाच्या गोळ्या घेऊन गेले तरी तोंड फिरवणार. तुम्ही गाडीत बसून नाशिकला जाता, मला त्याच घरात परत जायचंय. मी काय करते, आधी सासूला बाजूला घेऊन विचारते, तुमच्या वेळी काय केलं होतं, भूक लागली होती का. बहुतेक जणी हसतात आणि सांगतात लपून खाल्लं होतं. मग मी म्हणते मग हिलापण थोडं खाऊ द्या, चक्कर आली तर आपल्यालाच पळावं लागेल. एवढं पुरतं. त्यात विज्ञान कमी नाहीये दादा, फक्त पडदा नाहीये.

बायका येत नाहीत म्हणताय तर साहेब तुमची वेळ बघा. सात ते नऊ कुठल्या घरातली बाई मोकळी असते? आणि अंधारात, शाळेच्या मैदानावर, परक्या पुरुषांच्या कार्यक्रमाला सून कशी येईल? दुपारी ठेवा. अंगणवाडीत ठेवा, दोन ते चार. दुपारी तारे नसतात मला माहितीय पण सूर्य तर असतो. आमच्याकडे एकदा एका संस्थेच्या ताईंनी आरशाच्या तुकड्याने अंगणवाडीच्या आतल्या भिंतीवर सूर्य पाडला होता, ताटाएवढा गोल, आणि तो हळूहळू सरकत होता. बायका जाईनात. एकीने विचारलं हा सूर्य सरकतोय का आपण, आणि त्यावर पाऊण तास भांडण.

लूमनगरी_मास्तर:
अस्सलाम आलेकुम, नमस्कार. मालेगावात उर्दू शाळेत सायन्स शिकवतो. मराठी जरा इकडंतिकडं झाली तर समजून घ्या.

पहिली गोष्ट, २०२७ चा फेब्रुवारी म्हणजे दुसऱ्या आठवड्यापासून रमजान. २८ ला साडेसात वाजता कोण येणार भाई, मगरिबला म्हणजे सूर्य मावळला की इफ्तार, मग इशा आणि तरावीहची रात्रीची नमाज. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला? इथे कुणालाही विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. दुसरी गोष्ट, एरवीसुद्धा लूमवर म्हणजे यंत्रमागावर बारा तासांची पाळी असते, कामगाराला रिकामा दिवस एकच, जुम्मा. गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी नमाजनंतर ठेवा, मग बघा गर्दी.

तिसरी गोष्ट, आमच्या लोकांना आकाशात इंटरेस्ट नाही असं समजू नका. वर्षातून निदान दोनदा अख्खं मालेगाव गच्चीवर चढून पश्चिमेला बघत असतं, चांद दिसला का. एवढं मोठं 'आकाशदर्शन' तुमच्या सोसायटीत होत नसेल. तिथे काय शिकवता येतं बघा: चांदाचा महिना २९ किंवा ३० दिवसांचा, बारा महिन्यांचे ३५४ दिवस, म्हणून रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतो, उन्हाळ्यातून थंडीत जातो. आणि तुमच्याकडेपण चांदाचेच महिने, पण तुम्ही मध्ये अधिक महिना टाकता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ होता ना, म्हणून दिवाळी जागेवर राहते. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरं घरी जाऊन आजोबांशी वाद घालून आली. हिंदू-मुस्लिम मिक्स वस्तीत याच्यापेक्षा चांगला विषय मला तरी माहीत नाही.

फक्त एक एहतियात, २९ व्या रोजाला दुर्बीण घेऊन येऊन 'चांद दिसला' असं स्वतः जाहीर करू नका. ते काम चांद जाहीर करणाऱ्या हिलाल कमिटीचं. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी या, कोर थोडी मोठी झालेली असते, खड्ड्यांच्या सावल्या दिसायला लागतात, लोक खुश असतात, शीरखुर्मापण मिळेल.

आणि ग्रहणाचं म्हणाल तर आमच्याकडे हदीस आहे, म्हणजे पैगंबर साहेबांचं वचन. पैगंबर साहेबांचा छोटा मुलगा इब्राहिम गेला त्या दिवशी ग्रहण लागलं, लोक म्हणायला लागले की त्याच्यासाठीच लागलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणामुळे किंवा जन्मामुळे ग्रहण लागत नाही. मी वर्गात तिथून सुरुवात करतो, मग बॉल आणि टॉर्च. विवेकी भाईंची स्लाइड लावायची गरजच पडत नाही.

विवेकी_माणूस:
@लूमनगरी_मास्तर हे मला माहीत नव्हतं, छान आहे. पण धर्माच्या आधारानेच पटवायचं ठरलं तर ज्या प्रश्नावर धर्मात आधार नाही तिथे काय करणार? माझा मुद्दा तिथेच आहे.

लूमनगरी_मास्तर:
बराबर आहे तुमचं. तिथे बॉल आणि टॉर्चच. पण दरवाजा उघडायला काहीतरी लागतं, आणि उघडल्यावर लगेच दरवाजाशीच भांडायचं नसतं.

खोडदकर:
आमच्या जुन्नर तालुक्यात जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी, अर्ध्या ऊस-कांद्याच्या शेतांमधून उभ्या. दरवर्षी विज्ञान दिनाला ते लोकांसाठी उघडं असतं आणि शाळांची प्रदर्शनं असतात, जत्रेसारखी गर्दी. उघडझाप साहेब, एकदा येऊन बघा लोक काय विचारतात. कृष्णविवर कुणी विचारत नाही. विचारतात की ही डिश वाऱ्यात पडत नाही का, ही फिरते तेव्हा काय ऐकते, आणि मोबाईलचा टॉवर इथे का नको म्हणतात. त्या शेवटच्या प्रश्नातून अख्खं रेडिओ खगोलशास्त्र सांगता येतं, की आकाशातून येणारा सिग्नल इतका बारीक असतो की आपला मोबाईल त्याच्यापुढे लाउडस्पीकर होतो. लोकांच्या रोजच्या अडचणीत जिथे विज्ञान घुसलेलं असतं तिथून ते लवकर आत येतात, शनीच्या कडीपासून जरा वेळ लागतो.

ठिपक्यांची_लिपी:
मी अंध मुलांच्या शाळेत शिकवते. 'ज्यांच्यापर्यंत पोचत नाही' म्हटलंत म्हणून लिहितेय, कारण आकाशदर्शन म्हटलं की आमच्या मुलांना सरळ वगळतात, किंवा बोलावतात आणि खुर्चीवर बसवून वर्णन ऐकवतात, तो तर जास्त त्रास.

आम्ही वापरतो ते सांगते. चंद्राच्या कला: थर्माकोलच्या चेंडूच्या अर्ध्या भागाला वाळूचा कागद, अर्धा गुळगुळीत, गुळगुळीत बाजू कायम खिडकीतल्या उन्हाकडे, आणि मूल स्वतः मधे बसून चेंडू आपल्याभोवती फिरवतं, स्वतःकडे वळलेला किती भाग गुळगुळीत लागतो ते हाताने बघतं. ऊन कुठून येतं ते त्यांना गालावर कळतं. दुसरं, पल्सार. पल्सारच्या स्पंदनांचे आवाज करून ठेवलेले मिळतात, आणि ते ऐकवताना सांगायचं की हा एक मेलेला तारा आहे, स्वतःभोवती फिरतोय. व्हेला पल्सार सेकंदाला ११ वेळा फिरतो, तो टकटक वाजतो. क्रॅब साधारण ३० वेळा, तो घुमतो. आमच्या एका मुलीने विचारलं, हा हळू होत जाईल का? होतो, खरंच हळू होत जातो. हा प्रश्न डोळस मुलांनी मला अजून विचारलेला नाही.

हे सामान डोळस मुलांनाही चालतं बरं का, उलट त्यांना जास्त आवडतं. वेगळा 'दिव्यांग कार्यक्रम' करू नका, त्याच कार्यक्रमात एक टेबल ठेवा.

उघडझाप_तारा:
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. २८ तारखेचा रमजान आणि द्राक्षकाढणी दोन्ही एकदम वाचून डोकं धरून बसलोय. निधी विज्ञान दिनासाठीच आहे, त्यामुळे २८ ला काहीतरी करावंच लागेल, ते निफाडच्या बागेवर करतो गुरुजी म्हणतात तसं. चंद्र त्या रात्री उशिरा उगवणार पण गुरू आणि मंगळ दोघांची प्रतियुती (सूर्याच्या बरोबर समोर येणं) त्याच महिन्यात आहे, दोन्ही संध्याकाळभर दिसतील, त्यामुळे दाखवायला भरपूर आहे.

प्रश्न पाडे आणि मालेगावचा. २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण धरू का? आपल्याकडे खंडग्रास आहे.

डोंगरावरचे_गुरुजी:
२ ऑगस्टला सुरगाण्यात सूर्य दिसला तर मला फोन करा. भाताच्या आवणीचा आणि पावसाचा जोर, त्यात आषाढ अमावस्या, दिव्याची अवस. त्या दिवशी गावात काय चालतं ते मी इथे लिहीत नाही.

मे महिना धरा. सगळी माणसं परत आलेली असतात, लग्नं असतात, शेताची कामं अजून सुरू नाहीत. आणि मे मध्ये शून्य सावली असते. नाशिकला २० मे च्या आसपास, सुरगाण्याला २३ च्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. वीज नको, प्रोजेक्टर नको. पाण्याचा पाइप, डबा, मुसळ, जे सरळ उभं राहतं ते चालतं. जुलैमध्ये परत येते पण तेव्हा ढग.

गंमत पुढे आहे. सुरगाणा आणि मालेगाव जवळपास एकाच अक्षांशावर, साधारण साडेवीस. म्हणजे दोन्हीकडे एकाच दिवशी सावली जाणार, मालेगाव पूर्वेला म्हणून तिथे तीन-चार मिनिटं आधी. मास्तरसाहेब तुमच्या गच्चीवरून आणि माझ्या पाड्यावरून व्हिडिओ कॉल लावायचा. तिकडची सावली गेली, इकडची अजून बोटभर आहे, आता इकडची गेली. पृथ्वी फिरते हे यापेक्षा सरळ कसं दाखवणार? आणि नाशिकला तीच सावली तीन दिवस आधीच का गेली, हा प्रश्न पोरांनी स्वतः विचारेपर्यंत सांगायचा नाही.

शेतकऱ्यांना अजून एक विचारायचं. रोहिणी, मृग, आर्द्रा हे त्यांना तोंडपाठ असतं, ७-८ जूनला मृग लागतो हेपण. मग विचारा की मृग लागतो तेव्हा आकाशात मृग दिसतो का? दिसत नाही, कारण सूर्यच त्या भागात असतो, मृग दिवसा वर असतो. 'लागला' म्हणजे सूर्य तिथे पोचला. हे ज्याने-त्याने स्वतः जोडलं की मग त्याला पुढचं सांगायला तुमची गरज राहत नाही. आणि या लोकांकडे एकदाच जाऊन येऊ नका हो. वर्षातून एकदा येणारी गाडी निवडणुकीची असते.

लूमनगरी_मास्तर:
२३ मे पक्की माझ्याकडून, गच्ची तयार आहे. रविवार आहे, लूम चालू असतील, पण दुपारी जेवायला लोक बाहेर येतात, साडेबारा बरोबर आहे. सूचना उर्दूत मी लिहून देतो, पण तुमच्या स्लाइडचं भाषांतर नको, नव्याने लिहू.

सर्च_मध्ये_होतो:
एकच भर घालतो, मी काही वर्षं गडचिरोलीत होतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च या आरोग्य संस्थेने आदिवासी लोकांसाठी दवाखाना बांधायच्या आधी लोकांनाच विचारलं की कसा पाहिजे. म्हणून तो गावातल्या घरांसारखा बांधला आणि नाव त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. औषध मात्र तेच, तपासणी तीच. विवेकी भाऊंचा जो धाक आहे ना, की लोकांचं ऐकलं तर विज्ञान पातळ होईल, तो मला तिथे कधी खरा ठरताना दिसला नाही.

फोटो-आकड्याचं म्हणाल तर देणाऱ्याला 'किती लोक आले' याच्या जोडीला लोकांनी विचारलेले प्रश्न जसेच्या तसे लिहून द्या, त्यांच्या बोलीत. आमच्याकडे अहवालात तेवढंच पान लोक नीट वाचायचे.

उघडझाप_तारा:
हे करतो. एक राहिलं, आशाताई, तो आरसा किती मोठा होता? आणि अंगणवाडीत किती लांब भिंत लागते?

दिंडोरीची_आशा:
मापं मला नाही माहीत, आरसा छोटाच होता, वर कागद चिकटवला होता आणि कागदाला भोक. दार अर्धं लावून आत अंधार केला होता.

पुणेरी_भिंग:
मी सांगतो, हे आम्ही शाळांत करतो. साध्या आरशावर काळा कागद लावा, त्याला साधारण १ सेंटीमीटरचं भोक. आकार गोल नसला तरी चालतो, लांब भिंतीवर प्रतिमा गोलच पडते, हेच पहिलं कोडं पोरांना घाला. सूर्याची प्रतिमा अंतराच्या सुमारे १०८ पट लहान असते, म्हणजे २० मीटरवर साधारण १८ सेंटीमीटरचा सूर्य. अंगणवाडी एवढी लांब नसते म्हणून आरसा बाहेर लांब अंगणात ठेवायचा आणि दारातून आत पाडायचा. भोक मोठं केलं तर उजेड वाढतो पण कडा पुसट होतात, लहान केलं तर उलटं. मोठे सौर डाग असले तर याने कधीकधी दिसतात, पण कबूल करू नका.

आरसा हातात धरू नका, थरथरतो. वाळू भरलेल्या डब्यात खोचा. डब्यापाशी एक मोठा माणूस उभा पाहिजे, कुणी वाकून आरशात बघता कामा नये. आणि दुपारच्या कार्यक्रमाला ती आठ इंची दुर्बीण गाडीतच राहू द्या, फिल्टर नसताना कुणीतरी सूर्याकडे वळवतोच.